फारसे न ऐकलेले ब्रिटिश प्रॉग अल्बम : एकच निवडायचा तर कुठला?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. नुसती यादी नकोय, याद्या ढिगाने मिळतात. मला कोणीतरी हट्टाने सांगायला हवंय की हाच आणि का.

आमचा एक छोटा ग्रुप आहे, सहकारनगरला एका मित्राच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी जमतो. एकाने एक अल्बम आणायचा, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये मोबाइल नाही, स्किप नाही, आणि संपल्यावर चहा नि चर्चा. प्रॉगमधली (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) मोठी मंडळी सगळी होऊन गेली, येस झाले, जेनेसिस झाले, किंग क्रिमसन, कॅमल, जेंटल जायंट, व्हॅन डर ग्राफ पण झाले. आता माझी पाळी आहे आणि मी आधीच सगळ्यांना सांगून बसलोय की १९६९ ते १९७७ मधलाच ब्रिटिश प्रॉग आणीन, पण खोलीतल्या निम्म्या लोकांनी ज्या बँडचं नावही ऐकलेलं नसेल असा.

चाळून चाळून तीनावर आलोय. स्प्रिंगचा १९७१ चा एकुलता एक अल्बम, त्याचं नावही स्प्रिंगच. क्रेसिडाचा 'असायलम', तोही १९७१. आणि निड्रोलॉगचा 'लेडी लेक', १९७२. (कोणाला शोधायचा असेल तर स्पेलिंग जी-एन-आय-डी असं सुरू होतं, नाहीतर सापडत नाही.) रोज हिंजवडीला जाताना बसमध्ये आलटून पालटून हेच तीन चालू आहेत आणि रोज संध्याकाळी उत्तर बदलतं.

ऐकणाऱ्यांबद्दल पण सांगतो म्हणजे अंदाज येईल. दोघं मेटलवाले आहेत, एक जण फक्त जॅझ ऐकतो, आणि ज्याच्या घरी जमतो त्याची आत्या दर वेळी बसते. आत्या गाणं शिकलेल्या आहेत, सवाईला सगळे दिवस हजर असतात, यातलं इंग्रजी फारसं त्यांच्यापर्यंत पोचत नाही पण मांडीवर बोटांनी मात्रा मोजत असतात आणि मग नेमका प्रश्न विचारतात. जेंटल जायंट त्यांना फार आवडला होता. पिंक फ्लॉइडला म्हणाल्या की छान आहे पण पुढे जात नाहीये.

तर तुम्ही माझ्या जागी असता तर काय लावलं असतं? तीनातलाच पाहिजे असं नाही.

सदाशिव_हॅमंड

असायलम. माझ्यासाठी विषय इथेच संपतो, पण कारण मागितलंय म्हणून लिहितो.

क्रेसिडाचे दोनच अल्बम, दोन्ही व्हर्टिगो या लेबलवर, पहिला १९७० चा आणि दुसरा हा, आणि दुसरा दुकानात आला तोवर बँड मोडलेला होता. म्हणजे हा अल्बम घेऊन गावोगाव वाजवायला कोणी उरलंच नव्हतं. ड्रमर इयान क्लार्क युराया हीपमध्ये गेला, 'लुक ॲट युवरसेल्फ'वर तोच आहे, आणि गिटारिस्ट जॉन कली ब्लॅक विडोकडे गेला.

त्या काळात इंग्लंडमध्ये ऑर्गनवाले पैशाला पासरी होते, आणि कीथ एमर्सनने ऑर्गनमध्ये सुऱ्या खुपसायला सुरुवात केल्यापासून जो तो ऑर्गनच्या उरावर बसायला बघत होता. क्रेसिडाचा पीटर जेनिंग्ज तसं काहीही करत नाही. तो ऑर्गन गाण्याच्या खाली ठेवतो, ओळ संपली की वर येतो, दोन वाक्यं बोलतो आणि परत खाली जातो. 'म्युनिक' ऐका, साडेनऊ मिनिटांचं आहे, त्यात ऑर्केस्ट्रा पण आहे, आणि तरी कुठे गर्दी वाटत नाही. गाणाऱ्या अँगस कलनचा आवाज इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकताना याच्यात विशेष काय असं वाटेल, पण तो आवाज साधा आहे म्हणूनच भोवतीचं सगळं ऐकू येतं.

आणि 'लेट देम कम व्हेन दे विल' शेवटी आहे, बारा मिनिटांच्या आसपास. तुमच्या मेटलवाल्यांना तो द्या, त्यात ऑर्गन आणि गिटार शेवटी जे काही करतात ते ऐकून त्यांची तक्रार राहणार नाही. आत्यांसाठी मात्र 'म्युनिक'च. पुढे जात नाहीये असं त्या म्हणूच शकणार नाहीत.

कर्वेनगर_कीज

मी स्प्रिंगच्या बाजूने. थोडं लांबेल, सांभाळून घ्या, मी कीबोर्ड वाजवते आणि या अल्बमबद्दल बोलायला कोणी भेटत नाही.

स्प्रिंग लेस्टरचा बँड. पाच जण, आणि त्यातल्या तिघांच्या नावापुढे मेलोट्रॉन लिहिलेलं आहे, गाणारा पॅट मोरान, गिटारिस्ट रे मार्टिनेझ आणि कीबोर्डवाला किप्स ब्राउन. एक मेलोट्रॉन सांभाळायची मारामार असताना तीन! हे किती वेडं धाडस आहे हे कळायला ते वाद्य चालतं कसं ते माहीत पाहिजे. नेहमीच्या एम-४०० मॉडेलला ३५ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खरोखरच्या व्हायोलिनवाल्यांनी किंवा बासरीवाल्याने वाजवलेला तो एकच सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकायला लागते, सोडली की स्प्रिंगने मागे खेचली जाते. आणि टेप साधारण ८ सेकंदांची असते, बस्स. आठ सेकंदांनी सूर संपतो, मग तुम्ही कितीही दाबून धरा.

म्हणजे वाजवणाऱ्याला सूर धरून बसताच येत नाही. कॉर्ड बदलावी लागते, किंवा एक बोट उचलून परत ठेवावं लागतं, बाकीची बोटं तशीच ठेवून, म्हणजे एका सुराची टेप मागे जाईपर्यंत दुसरे सूर चालू राहतात. मी कॉम्प्युटरवरची सॅम्पल वाजवते, त्यात हव्या तितक्या वेळ सूर धरता येतो आणि म्हणूनच तो आवाज मेलेला वाटतो. मूळ वाद्यात प्रत्येक सूर थोडा कापत सुरू होतो, प्रत्येक टेपचा वेग बारीकसा वेगळा असतो, आणि असे तीन जण एकत्र वाजवतात तेव्हा तो ऑर्केस्ट्रा पण वाटत नाही आणि मशीन पण वाटत नाही, तिसरंच काहीतरी होतं. पहिलाच ट्रॅक 'द प्रिझनर' हेडफोनवर लावा आणि मेलोट्रॉन कुठून कुठे सरकतोय तेवढंच ऐका, शब्द नंतर.

शिवाय बनवणारी माणसं काय होती बघा. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, प्रोड्यूसर गस डजन, म्हणजे बोवीचं 'स्पेस ऑडिटी' आणि एल्टन जॉनचे सत्तरीतले अल्बम ज्याने केले तोच. ड्रमर पिक विदर्स, पुढे डायर स्ट्रेट्समध्ये गेला, 'सुल्तान्स ऑफ स्विंग' ज्यांना आवडतं त्यांनी त्याचे ड्रम इथे ऐकावेत, 'शिपरेक्ड सोल्जर'मध्ये तो लष्करी तालात वाजवतो पण कुठेही जड होत नाही. मोरान नंतर रॉकफील्डलाच इंजिनियर आणि प्रोड्यूसर झाला. आणि कंपनी म्हणजे आरसीएची निऑन, जिने ११ अल्बम काढले आणि दुकान बंद. एवढं सगळं जमून आलं आणि कोणी घेतला नाही.

कच्च्या जागा नाहीत असं नाही. गाण्यांचे शब्द कुठे कुठे शाळकरी आहेत, 'बोट्स' हे पावणेदोन-दोन मिनिटांचं गाणं नसतं तरी चाललं असतं. पण शेवटून दुसरं 'साँग टू ॲबसेंट फ्रेंड्स', नुसता पियानो आणि आवाज, आणि त्यानंतर 'गेझिंग'मध्ये सगळे मेलोट्रॉन परत येतात, तेव्हा मला दर वेळी खुर्चीत सरळ बसावंसं वाटतं. एकच निवडायचा तर हाच.

पर्वतीपायथा

बाप रे, ८ सेकंदांचं मला माहीत नव्हतं, आता 'द प्रिझनर' ऐकताना मी फक्त बोटं कधी उचलली तेच शोधत बसणार. दोघांचेही मनापासून आभार.

आत्यांना सहज विचारलं की गाणं असलेलं आवडेल की बिनगाण्याचं, तर म्हणाल्या की गाणं असेल तर आवाजात काहीतरी पाहिजे, नुसता गोड नको. आता क्रेसिडा आणि स्प्रिंग दोन्हीकडे आवाज गोडच आहे, त्यामुळे परत अडकलो.

डेक्कनचा_काका

तुम्ही तरुण मंडळी हे ऐकताय आणि त्यावर वाद घालताय हे वाचूनच बरं वाटलं. माझा सल्ला तुमच्या तीनाबाहेरचा आहे.

आमच्या वेळी पुण्यात यातलं काही विकत मिळायचं नाही. सगळी कॅसेटवरची कॉपी, तिचीही कॉपी, हॉस्टेलवर परदेशातून शिकायला आलेली मुलं असायची त्यांच्याकडून मिळालेली, विशेषतः इराणी मुलांकडे फार चांगला साठा असायचा. वर पेनाने बँडचं नाव लिहिलेलं, गाण्यांची नावं नाहीत, कोण वाजवतंय माहीत नाही. अशा एका कॅसेटवर एका बाजूला येस आणि दुसऱ्या बाजूला जे होतं ते मी कित्येक वर्षं सरळ 'ग्रिफन' म्हणून ऐकायचो कारण तेवढंच लिहिलं होतं, आणि इतकं सुंदर बासून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) वाजवणाऱ्या माणसाला रॉकवाल्यांनी धरून कसं आणलं याचं नवल करायचो.

तो अल्बम म्हणजे 'रेड क्वीन टू ग्रिफन थ्री', १९७४. बुद्धिबळाच्या डावावर बांधलेला, चारच तुकडे, 'ओपनिंग मूव्ह'ने सुरुवात आणि 'चेकमेट'ने शेवट, आणि एकही शब्द गायलेला नाही. रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलंड हे दोघे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधले, रेकॉर्डर आणि बासून त्यांची खरी वाद्यं, आणि त्याबरोबर क्रमहॉर्न, जे युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं वाद्य आहे, खालून छडीच्या मुठीसारखं वाकलेलं. त्याला आपल्या सनईसारखीच दुहेरी पाती असते, फरक एवढाच की पाती टोपणाच्या आत झाकलेली असते, वादकाचे ओठ तिला लागत नाहीत, त्यामुळे सनईवाला ओठांनी सूर जसा वळवतो तसा इथे वळवता येत नाही, सूर सरळ येतो, थोडा नाकातला. आत्यांना हे आधी सांगा आणि मग ऐकवा, त्या लगेच कान टवकारतील.

'लामेंट' तर मुद्दाम ऐकवा. दहा-अकरा मिनिटं आहे, संथ सुरू होतं, मधे चढतं आणि पुन्हा मूळ चालीवर येतं. या मंडळींनी त्याच १९७४ च्या शेवटी अमेरिकेत येसच्या आधी स्टेजवर वाजवलं होतं, म्हणजे एवढ्या मोठ्या गर्दीपुढे बासून घेऊन उभे राहिले. दुसऱ्या कुणाच्या नादी न लागता हा लावा.

आणि आत्या मात्रा मोजतात म्हणताय म्हणून एक गंमत, एग नावाच्या बँडचं १९६९ चं एक सिंगल आहे, 'सेव्हन इज अ जॉली गुड टाइम', ज्यात सात मात्रांत गाणं म्हणजे काय हे गाऊनच सांगितलंय. अल्बमच्या आधी तेवढं तीन मिनिटं लावून बघा, रूपक मोजणाऱ्या माणसाला फार मजा येईल.

बावधन_व्हॉल्यूम

काका ग्रिफन खूप छान आहे यात वाद नाही पण ऐकायला मेटलवाले पण आहेत ना.

टी-टू. अल्बमचं नाव 'इट विल ऑल वर्क आउट इन बूमलँड', १९७०, डेक्का. तिघांचा बँड, ड्रमर पीटर डंटन तोच गाणारा आणि गाणी पण त्याचीच, बासवर बर्नार्ड जिंक्स, आणि गिटारवर कीथ क्रॉस जो तेव्हा फक्त १७ वर्षांचा होता. सतरा! दुसरी अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, 'मॉर्निंग', एकवीस मिनिटं. पहिल्या बाजूला 'नो मोअर व्हाइट हॉर्सेस' आहे, हळू चालू होतं, मधे गिटार जी सुटते ती सुटते आणि ब्रास (पितळी फुंकवाद्यं) येतो तेव्हा खोली भरून जाते. याला प्रॉग म्हणायचं का हेवी रॉक यावर लोक भांडतात पण मला ते भांडण पटत नाही, १९७० साली ती भिंतच नव्हती, एकच माणूस सकाळी ब्लूज आणि संध्याकाळी वीस मिनिटांचा सूट (एकाला एक जोडलेल्या तुकड्यांची लांब रचना) वाजवायचा.

आणि मला स्पष्ट सांगायचंय, 'लेडी लेक' नका लावू. मी ऐकलाय पूर्ण. आवाज चिरका आहे, सॅक्सोफोन सारखा मधे मधे येतो, आणि पहिलंच गाणं साडेअकरा मिनिटांचं, त्यात पाच ठिकाणी वाटतं आता संपलं. व्हॅन डर ग्राफ ज्यांनी ऐकलाय त्यांना तीच गोष्ट थोडी कमी ताकदीने ऐकायला मिळेल. तिघांत सगळ्यात कच्चा तोच आहे.

सदाशिव_हॅमंड

टी-टू जबरदस्त आहे हे मान्य, पण 'मॉर्निंग' एकवीस मिनिटं टिकत नाही, मधली पाच-सहा मिनिटं नुसती चालू राहतात. लेडी लेकबद्दल मात्र सहमत, मला दोनदा प्रयत्न करूनही त्या आवाजाच्या पलीकडे जाता आलं नाही.

औंध_रोड

फ्रूप कोणीच कसं घेतलं नाही? बेलफास्टचा बँड, डॉन लेबलवर चार अल्बम, १९७३ ते १९७५. लोक 'द प्रिन्स ऑफ हेवन्स आइज' सुचवतील, १९७४ चा, इंद्रधनुष्याच्या टोकाच्या शोधात निघालेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट पुस्तिकेत छापून अल्बमबरोबर दिली होती. गोष्ट लिहिणारा पॉल चार्ल्स, त्यांचा मॅनेजर, पुढे डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा लेखक झाला. पण माझा आवडता त्यानंतरचा आणि शेवटचा 'मॉडर्न मास्करेड्स', १९७५, त्याचा प्रोड्यूसर किंग क्रिमसनच्या पहिल्या अल्बममधला इयान मॅक्डॉनल्ड. त्यातलं 'शीबाज साँग' तुम्ही न कळत ऐकलं असण्याची शक्यता आहे, तालिब क्वेलीच्या 'सून द न्यू डे'मध्ये त्याचा तुकडा घेतलाय आणि वर नोरा जोन्स गायलीये. जॅझवाल्या मित्राला हे नक्की आवडेल, इलेक्ट्रिक पियानोवर फार सुंदर चाल आहे.

उशिराचा एखादा हवा असेल तर इंग्लंड नावाच्या बँडचा 'गार्डन शेड', १९७७. तोवर सगळीकडे पंक सुरू झालेलं, आणि हे निवांत मेलोट्रॉन घेऊन बारा-पंधरा मिनिटांची गाणी करतायत, कोण विचारणार. पण वाजवलंय अगदी जीव ओतून.

जुनाबाजार_एलपी

एक विनंती, कोणीही दुर्मिळ आहे म्हणून निवडू नका. व्हर्टिगोच्या त्या काळ्यापांढऱ्या भोवऱ्याच्या लेबलमुळे आणि निऑनने मोजकेच काढल्यामुळे मूळ एलपींच्या किमती अशा झाल्यात की लोक संगीताऐवजी पावतीबद्दल बोलतात. मी वर्षानुवर्षं रविवारी जुन्या बाजारात एलपी चाळतो, तिथे नाट्यगीतं मिळतात, हिंदी सिनेमे मिळतात, कधी जिम रीव्ह्ज आणि ॲबा मिळतात, यातलं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. आणि न लागल्याने काही अडत नाही, यातलं बहुतेक सगळं सीडीवर नीट मास्टर होऊन परत निघालंय आणि बरंचसं स्ट्रीमिंगवर आहे.

हे बँड विकले गेले नाहीत त्याचं कारण पण वाईट संगीत नव्हे. १९६९-७० ला सगळ्या मोठ्या कंपन्यांना वाटलं की हे नवीन रॉक चालणार, म्हणून ईएमआयने हार्वेस्ट काढलं, फिलिप्सने व्हर्टिगो, पायने डॉन, आरसीएने निऑन, आणि दिसेल त्या बँडला करार दिला. करार मिळाले म्हणून आज आपल्याला हे अल्बम ऐकायला मिळतात. पण जाहिरातीला पैसा आणि धीर दोन्ही मोजक्याच बँडच्या वाट्याला आला, बाकीच्यांचा एक किंवा दोन अल्बम झाले की संपलं. तेव्हा जो अल्बम लावाल तो गुणांवर लावा. माझं मत असायलमला.

पर्वतीपायथा

सगळं दोनदा वाचलं, आणि काल रात्री जेवण झाल्यावर ग्रिफन आणि टी-टू दोन्ही पूर्ण ऐकले. काका, 'लामेंट' अप्रतिम आहे, तो माझ्या पुढच्या पाळीला नक्की, आणि एगचं सिंगल तर याच रविवारी आधी लावणार.

पण निर्णय झाला आणि तो लेडी लेक आहे.

बावधन आणि हॅमंड, तुमच्या कॉमेंट वाचताना मला राग आला. क्रेसिडाला कोणी नावं ठेवली असती तर मी म्हटलं असतं ठीक आहे ज्याची त्याची आवड, स्प्रिंगमधलं 'बोट्स' नको हे तर मलाही पटलं. पण लेडी लेकला कच्चा म्हटल्यावर मी बसमध्ये मनातल्या मनात उत्तर देत होतो आणि माझा स्टॉप येऊन गेला तरी कळलं नाही. मग कळलं की तिघांत मी निवड करतच नव्हतो, ती कधीच झालेली होती. तेव्हा आता ते उत्तर इथे लिहितो.

पहिलं गाणं 'आय कुड नेव्हर बी अ सोल्जर'. युद्धाला जायला नकार देणाऱ्या माणसाचं गाणं आहे, मग तो गोड आवाजात का गाईल? कॉलिन गोल्डरिंगचा आवाज वर जाताना फाटतो, आणि तो नेमका शब्दांना जोर लागतो तिथे फाटतो, खालच्या पट्टीत तोच माणूस किती नीट गातो ते बघा. आत्या म्हणाल्या ना आवाजात काहीतरी पाहिजे, हेच ते. आणि पाच वेळा संपल्यासारखं वाटतं म्हणता, पण प्रत्येक वेळी सगळे थांबतात आणि एकच वाद्य उरतं, कधी बासरी, कधी बास, आणि त्या एकट्या वाद्यातून पुढचा भाग निघतो. मला तर त्या थांबण्याच्या जागाच सगळ्यात आवडतात. कॉलिन आणि स्टुअर्ट गोल्डरिंग जुळे भाऊ आहेत, आणि त्या थांबण्यानंतर दोघं पुन्हा एकदम उठतात तेव्हा मोजून उठल्यासारखं वाटत नाही.

सॅक्सोफोन मधे मधे येतो म्हणता. पहिल्या अल्बमवर, 'इन स्पाइट ऑफ हॅरीज टोनेल' वर, तोही १९७२ चाच, जॉन अर्ल नव्हता. दोन्ही पाठोपाठ ऐकले की कळतं त्याच्या येण्याने काय झालंय. पहिला अल्बम सगळा टोकदार आहे, कोपरे लागतात अंगाला. अर्लचा बॅरिटोन सॅक्स खाली धरला की त्याच टोकदार गिटारींना बसायला जागा मिळते. 'शिप'मध्ये लक्ष देऊन ऐका, गिटार आणि सॅक्स एकच ओळ वाजवतायत असं वाटतं, मग एक जण अर्धी मात्रा मागे राहतो, आणि पुढे कुठे भेटतात ते मी अजून दर वेळी शोधतो. ड्रमर नायजेल पेग्रम बासरी आणि ओबो पण वाजवतो, नंतर स्टीलाय स्पॅनमध्ये गेला, आणि बासवाला पीटर काउलिंग पुढे पॅट ट्रॅव्हर्सबरोबर वाजवायला लागला. म्हणजे एक लोकसंगीताकडे गेला, एक हार्ड रॉककडे, आणि इथे दोघं एका जागी बसून वाजवतायत, ते ऐकू येतं.

व्हॅन डर ग्राफची कमी ताकदीची कॉपी हे तर मला अजिबात मान्य नाही. व्हॅन डर ग्राफ तुम्हाला घाबरवतो. लेडी लेक ऐकून मला कधीच भीती वाटली नाही, काळजी वाटली. नावाचं जे गाणं आहे त्यात नऊ मिनिटांत ती काळजी कधी जवळ येते कधी लांब जाते, आणि त्याला लागूनच 'सेम ड्रीम्स' आहे, तीन मिनिटांचं साधं गाणं, तिथे तोच फाटलेला आवाज इतका मऊ लागतो की आधीचा सगळा आरडाओरडा कशासाठी होता ते समजतं. स्प्रिंगचा आवाज जास्त सुंदर आहे, असायलम जास्त नेटका आहे, काकांचा ग्रिफन यातल्या सगळ्यांपेक्षा चांगला वाजवलेला आहे, हे सगळं मी रविवारी पण कबूल करीन. पण खोलीत बसून दहा जणांनी एकत्र ऐकावा आणि नंतर ज्यावर बोलायला रात्र पुरणार नाही असा मला यातला एकच वाटतो.

बावधन_व्हॉल्यूम

ठीक, हे वाचून 'शिप' परत लावला. सॅक्स मागे राहतो ती जागा सापडली. आवाजाबद्दल माझं मत अजून तेच आहे पण रविवारी मी येऊ शकतो का? सहकारनगर लांब नाही मला.

कर्वेनगर_कीज

मी पण येईन चालत असेल तर, स्प्रिंगची सीडी घेऊन, लावायचा आग्रह नाही, चहानंतर कोणाला ऐकायचं असेल तर. आणि आत्यांना शब्द आधी सांगून ठेवा, निदान पहिल्या गाण्याचे, युद्धाला नकार देणारा माणूस गातोय एवढं जरी माहीत असलं तरी त्या आवाजाकडे वेगळं बघतील.

डेक्कनचा_काका

निवड पटली नाही तरी कारण पटलं. एकच सांगतो, हा अल्बम एलपीच्या दोन बाजूंसाठी बांधलेला आहे. 'अ डॉग विथ नो कॉलर' संपलं की पहिली बाजू संपते, तिथे पॉज करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, पाणी वगैरे प्या, आणि मगच 'लेडी लेक' चालू करा. सलग लावलंत तर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नुसतं चौथं गाणं होऊन बसतं.

पर्वतीपायथा

काका हे करतोच. सगळे या, साडेपाचला सुरू करतो, पत्ता मेसेज करतो. खाली चपला काढायला जागा कमी आहे आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, आत वळत नाही.